माणिकमामांचा परवा

माणिकमामांनी कुणाशी हात मिळवल्याचं मला आठवत नाही. नमस्कारसुद्धा ते मानेनंच करायचे. हात जणू कोंबड्यांसाठी राखून ठेवलेले. उजाडलं की मागच्या दारानं परसात जायचं, खुराड्याची कडी काढायची आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोंबडीला अडवून डाव्या काखेत घ्यायचं. मग उजव्या हाताची तीन बोटं तिच्या मानेखाली, छातीच्या वर, जरा उजव्या अंगाला. क्षणभर चाचपायचं, 'हं' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. सगळ्यांची तपासणी झाल्याशिवाय फरशीवर एक दाणा पडत नसे. कोंबड्या पायांत घोटाळायच्या, कलकलाट करायच्या, धोतराला चोच मारायच्या. मामांचा नियम काही बदलायचा नाही.

त्या जागी कोंबडीची थैली असते. मला हे कुठलं ठाऊक असायला! पुण्यात वाढलेल्या माणसाची आणि कोंबडीची गाठ पडते ती ताटातच. टिपलेला दाणा सरळ पोटात जात नाही, आधी या थैलीत मुरतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. संध्याकाळी ती लिंबाएवढी टम्म भरलेली असते, सकाळी हाताला लागायलाही नको इतकी रिकामी. सकाळीही भरलेली लागली तर कुठंतरी काहीतरी अडलं आहे. "सकाळची थैली खोटं बोलत नाही," असं मामा म्हणायचे. कोंबडी आपलं दुखणं लपवते, मरायच्या आदल्या दिवसापर्यंत इतरांसोबत दाणे टिपल्याचं सोंग करते. म्हणून तिला नुसतं बघायचं नाही, हात लावायचा.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते घशाच्या दुखण्यानं गेले. इतके गळे चाचपणाऱ्या या माणसाच्या गळ्याला वेळेवर कुणाचा हात लागला नाही, आणि त्याला निमित्त झाला एक साधा शब्द. तो शब्द आणि ते मामा, दोन्ही मनातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या त्या घरात खाली मामा राहायचे आणि वर भाडेकरू. माझ्या नवऱ्याची, निखिलची, आणि माझी, दोघांचीही नोकरी हैदराबादला आली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं आम्ही त्यांना फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मराठी आहात ना, आणि कोंबड्यांचा वास चालेल ना. भाडं किती हे आम्हालाच विचारावं लागलं. मामांचं बिरादार घराणं मूळ भालकीकडचं, शेतकरी. आजोबांच्या वेळी शहरात आलं आणि इथलंच झालं. मामांची सगळी नोकरी बस डेपोच्या स्टोअरात, नटबोल्ट आणि ब्रेकचे पट्टे मोजण्यात गेली. घरात मराठी, गल्लीत दख्खनी आणि बाजारात तेलुगू, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात एकमेकींच्या पायात पाय न घालता नांदायच्या. निदान मला तसं वाटायचं.

किल्ली देताना ते दारात उभे राहून म्हणाले, "वरचं घर झाडून ठेवलंय. परवा आमच्या मंडळीला पोचवलं, तवापासून मला काई सुधरत नाही. काई राहिलं असलं तर सांगा."

आम्ही हबकलोच. परवा बायको गेली आणि हा माणूस भाडेकरूंसाठी घर झाडतोय. नव्या घरात दूध उतू घालायचं होतं, ते आम्ही राहू दिलं. टीव्ही लावला नाही. चपला हातात घेऊन जिना उतरत होतो. सुतकाच्या घरी चूल पेटत नसेल म्हणून मी रोज वरण-भात खाली नेऊन द्यायची. मामा काही न बोलता डबा घ्यायचे, धुऊन परत करायचे. असे बरेच दिवस गेल्यावर मी धीर करून विचारलं, की तेरावं कधी आहे, आमची काही मदत लागली तर सांगा. मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, बाई, तिला जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील.

मग त्यांनी मला हैदराबादचं पंचांग समजावलं. इथं काल म्हणजे काल. त्याच्या मागं जे काही घडलं ते सगळं परवा. मूसीला पूर आला तो परवा, गल्लीत टांगे यायचे ते परवा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात उधारी बंद झाली तीही परवाच. इथले मुसलमान परसों म्हणतात, तेलुगू लोक मोन्ना म्हणतात, आणि आम्ही त्यांच्यात राहून परवा तसाच लांबवला. "वरण चांगलं करता तुम्ही," ते शेवटी म्हणाले, "म्हणून मी काई बोललो नाही."

हा किस्सा आम्ही पुण्याला फोन करकरून सांगितला. आमच्या घरात 'मामांचा परवा' हा वाक्प्रचारच होऊन बसला. निखिलनं कपाट लावायचं कबूल केलं की मी विचारायची, तुमचा परवा की मामांचा. हसायचो आम्ही. पुढं त्यांच्याशी ओळख वाढली तसं कळलं, की बायकोच्या बाबतीत तो शब्द नुसता सैल नव्हता. त्यांच्या लेखी ती खरोखरच परवा गेली होती. तिची छत्री अजून दारामागं होती. चहाचा दुसरा कप ते अजून धुऊन पालथा घालायचे.

कोंबड्याही तिच्याच. मामांना त्यांचं मुळीच प्रेम नव्हतं. बायकोच्या हौसेपायी परस घाण होतो म्हणून ते कुरकुरायचे. ती गेल्यावर त्यांनी कोंबड्यांकडे बघितलं नाही. मूठभर दाणे भिरकावायचे आणि आत येऊन बसायचे. परसात गवत गुडघ्याएवढं वाढलं. कोंबड्यांनी ती लांब चिवट पाती गिळली, त्यांच्या थैलीत गवताचे गोळे झाले आणि एकेक करून त्या गेल्या. उरली ती एक काबरी. "हिच्या हातच्या सगळ्या मी मारल्या," हे वाक्य मामा कितीतरी वेळा आणि कुणापाशीही म्हणायचे, अगदी गॅसवाल्यापाशीसुद्धा. त्या काबरीला घेऊन ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी तिचा गळा कसा चाचपायचा ते दाखवलं. त्या दिवसापासून त्यांची तीन बोटं कामाला लागली आणि पुढं काबरीच्या सोबतीला नव्या कोंबड्याही आल्या. आता परसात गवत वाढत नव्हतं. एका पाटीत बारीक खडी ठेवलेली असायची, कारण कोंबडीला दात नाहीत, खडे हेच तिचे दात.

संक्रांत झाली की गल्लीभर कटलेल्या पतंगांचा मांजा लोंबायचा. शेवग्यावर, तारांवर, कुंपणावर. मामा दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाकून वाकून तो गोळा करायचे, आपल्या परसातला, शेजारच्यांचाही, आणि बोटांभोवती गुंडाळत चालायचे. एका कोंबडीच्या थैलीतून डॉक्टरांनी चिरून हातभर मांजा काढलेला त्यांनी पाहिला होता. बोटं कापायची, पण हातमोजे घालायचे नाहीत. गल्लीतली माणसं त्यांना चिडवायची की मामा पतंगाचा धंदा काढणार. मामा मांजा गुंडाळत पुढं जायचे.

स्वभाव निराश. आजारी कोंबडी पाहिली की पहिलं वाक्य ठरलेलं, "वाचत नाही ही." पाऊस लांबला तर म्हणायचे, आता येत नाही. मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा म्हणाले होते म्हणे, की हे पूर्ण होत नाही, आणि पूर्ण झाल्यावर त्यात बसले नाहीत. जेवणाच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका आनंदी माणूस मी पाहिला नाही. ज्वारीची भाकरी, तीही कडक, तव्यावर पुन्हा शेकलेली, आणि ठेचा. परसात उभ्यानं खायचे. भाकरी मोडल्याचा आवाज शेजारी गेला पाहिजे, म्हणायचे. माझ्या वरच्या खिडकीपर्यंत तो यायचा.

परसाच्या भिंतीपलीकडे शाहीन आपा राहायच्या. शिवणकाम करायच्या आणि चार कोंबड्या पाळायच्या. मामांचं आणि त्यांचं बोलणं भिंतीवरूनच व्हायचं. दोघांनीही एकमेकांच्या घरात पाऊल टाकल्याचं मी पाहिलं नाही. आम्ही तिथं गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आपांची एक पांढरी कोंबडी आजारी पडली. थैली पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि चोचीला आंबूस वास, शिळ्या ताडीचा. आत दाणा आंबला होता. आपांच्या दिरानं कुणाकडून तरी ऐकलं होतं की कोंबडीला उलटं धरून दाबलं की घाण बाहेर पडते. त्यानं तसं केलं. घाण बाहेर पडली, पण थोडी श्वासात गेली. आपा तिला घेऊन भिंतीशी आल्या तेव्हा ती तोंड उघडून धापा टाकत होती. मामांच्या हातातच तिचा जीव गेला.

मामा तिथंच भिंतीशी टेकले. पांढरीला मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. आपा रडत होत्या, आणि मामा मान हलवत आपलंच काहीतरी बोलत होते. मला वाटलं कोंबडीशी बोलतायत. नंतर लक्षात आलं, ते बायकोला सांगत होते की ही माझ्या हातून मेली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, आपांची तांबडी आली. ही मी पहिल्यापासून पाहिली, कारण तेव्हा मी घरूनच काम करत होते आणि माझं टेबल परसाच्या खिडकीशी होतं. तांबडीच्या गळ्याखाली गोळा दिसत होता. मामांनी भिंतीवरूनच तिला घेतलं, बोटं लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. कधीपासून, त्यांनी विचारलं.

"परसों से दाना नै खारी मामा," आपा म्हणाल्या.

"कौनसा परसों?" मामा एकदम कडाडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "उंगलियों पे गिनके बोलो आपा. परसों बोल्के बोल्के मुर्गी मर जाती."

मी वर बसून चाट पडले. ज्या माणसानं आम्हाला आठ वर्षांपूर्वीच्या मरणाचं सुतक पाळायला लावलं, तो आता परवाचा हिशेब मागत होता. आपा बिचाऱ्या बोटांवर मोजायला लागल्या. जुम्म्याला बरोबर खात होती. शनिवारी पाहुणे आले तेव्हा कोपऱ्यात बसली होती. परवा म्हणता म्हणता आठवडा भरत आला होता. नंतर मी त्यांना याबद्दल छेडलं तर म्हणाले, माणसाचं परवा चालतं हो, ते आठवणीतलं असतं. दुखण्याचं परवा चालत नाही. दोन दिवसांचा गोळा हातानं विरघळतो, आठ दिवसांच्याला डॉक्टरची कात्री लागते. डॉक्टर काय विचारतो, किती दिवस. त्यावरच सगळं असतं.

त्या दिवशी सरकारी दवाखान्याला सुट्टी होती. उद्या नेऊ म्हणाले, तोवर बघतो. दाणा बंद केला. तांबडीला वेगळ्या टोपल्यात ठेवलं, पुढं फक्त पाणी. थोडं गोडेतेल हाताच्या उबेनं कोमट केलं आणि औषधाच्या ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडलं, मधे थांबून, तिनं गिळलं का ते बघून. घाईनं ओतलं तर तेच श्वासात जातं. मग तिला काखेत घेऊन तो गोळा बोटांनी मळायला लागले. जोर अजिबात नाही. भिजलेल्या कणकेतली गुठळी आपण फोडतो तसं. थोडा वेळ मळायचं, खाली ठेवायचं, पाणी दाखवायचं आणि पुन्हा उचलायचं. "हल्लू हल्लू," असं ते तिला की स्वतःला सांगत होते कोण जाणे. मधूनमधून "वाचत नाही ही" चालूच होतं. माझ्या दोन मीटिंगा झाल्या, चहा झाला, ऊन शेवग्याच्या मागं गेलं, तरी त्यांची बोटं हलत होती. दुसऱ्या सकाळी गोळा निम्मा आणि मऊ झाला होता. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, चिरायची गरज नाही, हेच चालू ठेवा. आणखी एका दिवसानं तांबडीनं गवताच्या चोथ्यासकट घाण टाकली. मामांनी ती काडीनं उलगडून पाहिली आणि लग्नाची पत्रिका यावी तशी मला खिडकीखालून हाक मारून दाखवली. दह्यात कालवलेला मऊ भात तिनं टिपला तेव्हा मात्र ते आत निघून गेले.

आपांनी त्या आनंदात भिंतीवरून खिचडी आणि तिच्याबरोबरचं चिंचेचं आंबट पाणी, खट्टा, पाठवला. मामांनी वाटीतला खट्टा तेवढा घोट घोट घेतला आणि खिचडीचं ताट माझ्याकडे सरकवलं. जड पडते, म्हणाले. त्याच आठवड्यात मी त्यांना भाकरी दुधात कुस्करताना पाहिलं होतं. मला वाटलं, दात दुखत असतील. भाकरी मोडल्याचा आवाज वर यायचा थांबला, हे मात्र माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. नसलेला आवाज कुणाच्या ध्यानात येतो?

मामांचा एकुलता एक मुलगा सतीश पुण्यात असतो. इथंच वाढला, शाळा-कॉलेज इथलंच, नोकरीला तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याची बायको पुण्याची, मुलं पुण्याची आणि हळूहळू त्याची मराठीही. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पुढं जे कळलं ते त्यानंच मला सांगितलं. त्या फोनवर मामा कधीतरी म्हणाले, परवापासून घास जरा अडकायलाय. सतीशनं पित्ताची गोळी घ्यायला सांगितली. दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा म्हणाले, परवापासून पुन्हा घसा धरलाय. सतीशनं गरम पाणी प्यायला सांगितलं. दिवाळीत मामा पुण्याला गेले नाहीत, कोंबड्यांकडे कोण बघणार म्हणून, आणि फोनवर म्हणाले, परवापासून जरा बरं नाही. प्रत्येक वेळी सतीशला वाटलं, दोनच दिवसांचं आहे. म्हणजे मागचं बरं झालं असणार. प्रत्येक वेळी तो एकच परवा होता.

संक्रांत आली. पतंग उडाले, कटले, मांजा शेवग्यावर लोंबायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मामा तो काढायला बाहेर आले नाहीत. मी खाली गेले. मागच्या पायरीवर ते बसले होते, शर्टाच्या आत माणूस होता की नाही असं वाटावं इतके वाळलेले. थंडीत कायम शाल पांघरून असल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. हातात पाण्याचा पेला होता. त्यांनी एक घोट घेतला, मान वर केली, डोळे मिटले, आणि घोट तसाच परत आला. त्यांनी तो तोंड वळवून कुंडीत थुंकला आणि माझ्याकडे बघून म्हणाले की काई नाही, होतं असं.

मी त्यांना त्याच संध्याकाळी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर, सभ्य. त्यांनी तेलुगूत विचारलं, कधीपासून. मामा म्हणाले, "मोन्नटिनुंची." परवापासून. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला पेन उचललं.

 मी डॉक्टरांना थांबवलं आणि मामांकडे वळून म्हणाले, "कुठला परवा मामा? बोटांवर मोजून सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडे. मोजायला काही सुरुवात केली नाही. म्हणाले, "आपाची तांबडी आली होती ना. तिच्या आधीपासून."

श्रावणाच्या आधीपासून. आता पौष चालला होता. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कोंबडीचा गळा मळत बसले होते, तेव्हा स्वतःच्या गळ्यात अडत होतंच. मी डॉक्टरांना महिने मोजून सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढं ओढली आणि मामांच्या गळ्याला हात लावला.

पुढचं लवकर झालं. दुर्बिणीनं तपासणी झाली, मोठ्या दवाखान्यात गेलो, आणि तिथल्या डॉक्टरांनी सतीशला बाजूला नेऊन सांगितलं की शस्त्रक्रियेची वेळ गेली आहे, आधी आले असते तर बघता आलं असतं. पोटात थेट नळी बसवली. तिच्यातून पातळ खाणं सोडायचं, घशातून काही नाही. मामा पहिल्या दिवशी ती नळी बघून म्हणाले, थैलीचं कामच संपवलं यांनी.

घरी आणल्यावर सतीश मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. आत मामा पडले होते, दार उघडंच होतं. "मी याच गल्लीत वाढलो," तो म्हणाला. "लहानपणी मी स्वतः सगळ्याला परवाच म्हणायचो. पुण्यात मुलं हसायची, म्हणून सोडलं. आणि बाबांचा परवा मलाच कळला नाही." मोठा माणूस होता, पण लहान मुलासारखा रडला.  

आतून मामांनी हाक मारली. आवाज घोगरा झाला होता, पण ऐकू येत होता. त्यांनी सतीशला जवळ बसवलं आणि म्हणाले, की तुझा काई दोष नाही, मी मुद्दामच तसं बोलत होतो. खरं सांगितलं असतं तर तू मला पुण्याला नेलं असतंस. "मंग इथलं कोण बघितलं असतं? एकदा मी बघितलं नाही तर सगळ्या गेल्या. परत तिला काय तोंड दाखवू?"

म्हणजे ज्या शब्दानं आम्हा सगळ्यांना चकवलं, तो त्यांनी ओळखूनच वापरला होता. आमच्या मराठीत त्याचे दोनच दिवस होतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या वरण-भातानं त्यांना ते शिकवलं होतं. हे मला कळलं त्या दिवशी मी वर येऊन खूप वेळ खिडकीशी बसले. मामांचा राग आला, आणि राग धरायला माणूस तरी कुठं उरला होता.

एक महिनाभर ते घरी राहिले. सतीश रजा वाढवत होता. नळीतून खाणं सोडताना मामा भिंतीकडे तोंड करायचे. पण सकाळी कडी काढायला ते उठायचेच, सतीशच्या खांद्याला धरून. वाकता यायचं नाही, म्हणून खुर्चीत बसायचे आणि सतीश एकेक कोंबडी मांडीवर आणून द्यायचा. तीन बोटं, क्षणभर थांबणं, 'हं'. दाणे टाकल्यावर कोंबड्या टिपायच्या आणि मामा त्यांचे गळे हलताना बघत बसायचे. मला तिथं उभं राहवायचं नाही.

शेवटी पुण्याला न्यायचं ठरलं. कोंबड्या आदल्या दिवशी भिंतीवरून आपांकडे गेल्या. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती, मामांना पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर शाल घातली. शाहीन आपा पहिल्यांदाच भिंतीला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आल्या. काखेत तांबडी होती. अजून दाणा टाकला नाही, म्हणाल्या; मामांनी बघितल्याशिवाय कसा टाकू.

मामांनी काच खाली करायला लावली. हात बाहेर काढला. तीन बोटं तांबडीच्या मानेखाली गेली, पण तांबडीच्या पिसांत नुसतीच फिरत राहिली. त्यांना काही लागेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं होऊन त्यांच्या बोटांशेजारी माझी बोटं ठेवली, छातीच्या वर, जरा उजव्या अंगाला.

"रिकामी आहे मामा," मी म्हणाले.

"हं," मामा म्हणाले. "मंग टाका दाणे."

सतीशनं गाडी सुरू केली. आपांनी पदर सावरला आणि विचारलं, "वापस कब आते मामा?"

मामांनी हात वर केला. तेवढाच त्यांचा नमस्कार मी हातानं केलेला पाहिला.

"परसों," ते म्हणाले.

कुठला परवा, असं मामांनी एकदा आपांना विचारलं होतं आणि मी मामांना. त्या सकाळी मी विचारलं नाही, आपांनी विचारलं नाही, सतीशनंही नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आपा तांबडीला घेऊन दाणे टाकायला गेल्या.